क्लेम पेनरोझचा अर्धा तास

मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५, ब्रोकन हिल. सकाळपासून कोरडा वारा, अंगणभर धूळ. क्लेमची मुलाखत झाली नाही.

शेजारच्या डोरीनचा नवरा क्लेम पेनरोझ एकतीस वर्षं खाणीत, जमिनीखाली लोडर, म्हणजे फोडलेला दगड उचलणारं यंत्र, चालवतो. छतातला दगड सुटायला आला की त्याला आवाजावरून कळतं. आता लोडर वरच्या खोलीत पडद्यासमोर बसून चालवतात आणि एक माणूस तिघांचं काम करतो. तिथल्या चार खुर्च्यांसाठी कंपनीने अर्ज मागवले. ज्याला खुर्ची नाही, त्याने सप्टेंबरअखेर घरी बसायचं.

अर्ज संगणकावरच भरायचा, म्हणून तो माझ्याकडे आला.

"बलस्थानं विचारतायत, मिसेस कॉनवे. काय लिहायचं?"

"लिहिते, कामात तोंड बंद ठेवतो."

"ते डोरीनला विचारून लिहा. खोटं नको."

मुलाखत आज दहाला, सिडनीच्या कचेरीतून, पडद्यावर. क्लेम पावणेदहालाच इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या स्वयंपाकघरात हजर. दहाच्या ठोक्याला बटण दाबलं. पडद्यावर आलं: मुलाखतीची वेळ संपली आहे.

आमचं गाव सिडनीच्याच राज्यातलं, पण घड्याळ शेजारच्या राज्यातल्या ॲडलेडचं, सिडनीहून अर्धा तास मागे. आजोबांच्या वेळेपासून तसंच. कंपनीच्या पत्रात नुसतं 'दहा' होतं. ते मीच वाचलं, मीच डायरीत उतरवलं, आणि कुठले दहा हे मला सुचलं नाही.

क्लेमने कचेरीला फोन लावला. वीस मिनिटं नुसतं संगीत, मग एक मुलगी.

"दुसरी वेळ देता येत नाही, सर. यंत्रणा घेत नाही."

"पोरी, माझ्या गावात आत्ता किती वाजले, सांग बघू."

"दहा पन्नास."

"दहा वीस. तू चुकलीस तरी तुझी नोकरी राहते, नाही का?"

ती म्हणाली, तक्रार संकेतस्थळावर करा. केली. चहा ओतेपर्यंत उत्तर आलं: जागा भरल्या.

मला चीड आली ती त्या उत्तराखाली कुणाचं नावही नव्हतं म्हणून. भांडायचं कुणाशी?

"माझी चूक झाली, क्लेम," मी म्हटलं.

"तुमची कसली? घड्याळ गावाचं, खाण गावाची. फक्त मालकांना गाव कुठे आहे ते ठाऊक नाही."

सप्टेंबरअखेरची वाट न बघता तो आणि डोरीन रविवारीच क्वीन्सलंडला निघतात. तिथल्या एका कोळशाच्या खाणीत अजून माणूस लोडरवर बसतो, तिथे त्याला काम मिळेल. "दोनेक वर्षं तरी," तो म्हणाला.

संध्याकाळी त्यांच्या तीन कोंबड्या सांभाळायला माझ्या खुराड्यात आणल्या. जाळीला भोक होतं, ते तारेने शिवलं.