चंद्रप्रभाबाईंची शून्यं

दिल्लीतल्या एका सरकारी ऑफिसात चंद्रप्रभा दिघे यांना सगळे गरीब गाय समजत. हा गैरसमज बाईंनी बत्तीस वर्षं मोठ्या निगुतीनं जपला होता. मीटिंग सुरू झाली की साहेबांच्या मागच्या खुर्चीत बसायचं, वही मांडीवर घ्यायची आणि कोण काय बोललं ते शॉर्टहँडमध्ये उतरवायचं. चहा आला तरी मान वर करायची नाही. बदली झालेले साहेब जाताना नव्या साहेबांना सांगून जात, "मिसेस दिघे? बहुत सीधी हैं."

सीधी कसली! मीटिंग दोन तास चालते आणि तिच्यात कामाचं चार ओळींचं असतं, हे बाईंना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. उरलेल्या वेळात त्यांच्या हाताला गप्प बसवत नसे. मग त्या वहीच्या समासात एक छोटं शून्य काढत आणि त्यापुढे आपलं मत नोंदवत. 'साहेबांनी समन्वय हा शब्द आज एकवीस वेळा वापरला. समन्वय अजून झालेला नाही.' किंवा, 'समोसे आठ, माणसं सात. आठवा समोसा फाइलखाली गेला.' शॉर्टहँड हिंदीचं, पण शून्यापुढचा मजकूर मराठीत. टाइप करताना शून्य दिसलं की ओळ गाळायची. बत्तीस वर्षांत एकही शून्य टाइप झालं नव्हतं.

या शून्यांना वाचक एकच, बाईंचे यजमान शशिकांतराव. रेल्वेतून निवृत्त होऊन ते सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये दिवसभर मार्केटचा गोंगाट ऐकत बसत. खाली पोरं 'दो सौ के तीन, दो सौ के तीन' म्हणून घसा फोडत. संध्याकाळी बाई मेट्रोनं घरी आल्या, की चहा ओतता ओतता त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज किती शून्यं?" वाचताना चुकून रंग उतरू नये म्हणून बाई कामाचा मजकूर घाईत खरडत, पण शून्यापुढचं प्रत्येक अक्षर काना-मात्रेसकट चोख काढत. शॉर्टहँडमध्ये एवढा टापटीपपणा कुणी करत नाही. त्यांची हीच हौस पुढे त्यांना भोवली.

दुसऱ्या दिवशी मजकूर टाइप झाला की वहीची ती पानं बाई कागद कापायच्या यंत्रात घालत. नियमही तोच होता आणि सोयही तीच होती.

निवृत्तीला सहा महिने राहिले असताना ऑफिसात डिजिटल पेन आलं. ते आणलं उपसंचालक इंद्रजित मल्होत्रांनी. इंद्रजितसाहेबांना नवीन वस्तूंचं वेड होतं. कॉफी गरम ठेवणारा मग, पावलं मोजणारं घड्याळ, मान सरळ ठेवणारा पट्टा, सगळं त्यांच्याकडे होतं. पेन चांगलंच जाडजूड होतं. टोकापाशी इवलासा कॅमेरा, सोबत बारीक ठिपक्यांची खास वही. वहीवर लिहिलं की तेच्या तेच टॅबलेटवर उमटायचं. पानं तारखेप्रमाणे, विषयाप्रमाणे आपोआप लागायची. शब्द टाकून जुनं पान शोधता यायचं. एखाद्या ओळीवर बोट ठेवलं की ती किती वाजता लिहिली तेही दिसायचं.

"अब कुछ खोएगा नहीं, मिसेस दिघे," साहेब म्हणाले. "सब ऑर्गनाइज़्ड!"

 त्या दिवशी बाईंनी एकही शून्य काढलं नाही, आणि संध्याकाळी शशिकांतरावांना चहा अळणी लागला.

पण तिसऱ्या दिवशी त्यांनी हळूच टॅबलेट उघडून पाहिला. पेनानं त्यांच्या शॉर्टहँडचं छापील अक्षरांत जे काही केलं होतं, ते असं: 'लिली जिली ७७ लल्ला'. बाईंनी तोंडाला पदर लावला.

"अहो, मठ्ठ आहे हो ते!" घरी येऊन त्या म्हणाल्या. "साध्या 'धन्यवाद'ला लल्ला म्हणतंय."

"म्हणजे शून्यं चालू?"

"बिल्कुल!"

आणि मग बाई सुटल्याच. दहा-दहा शून्यं काढू लागल्या. पानं पूर्वीसारखी यंत्रात घालत आणि निश्चिंत होत. कागद कापला तरी पान टॅबलेटवर राहतं, हे त्यांना समजत नव्हतं असं नाही. पण जे कुणाला वाचता येत नाही ते असून नसल्यासारखंच, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं.

मग त्या मंगळवारची मीटिंग झाली. संसदेतल्या एका प्रश्नाचं उत्तर मंत्रालयाला पाठवायचं होतं. फाइल तयार होती. ती केली होती मयुरानं. मयुरा मयूर विहारला राहणारी, दिल्लीतच वाढलेली मराठी मुलगी, नोकरीत कायम व्हायला अजून दोन महिने होते. मीटिंगमध्ये इंद्रजितसाहेब म्हणाले की फाइल माझ्याकडे राहू दे, शुक्रवारी मी बघतो. मीटिंगला संचालक प्रफुल्ल मेश्राम स्वतः हजर होते. मयुरा नव्हती, म्हणून निरोप तिला चंद्रप्रभाबाईंनी दिला, "साहेबांनी थांबवायला सांगितलंय गं."

शुक्रवारी इंद्रजितसाहेब आधीच टाकलेल्या रजेवर, मेहुण्याच्या लग्नाला शिमल्यात होते. उत्तर चार दिवस उशिरा गेलं. मंत्रालयातून फोन आला, आणि त्यापुढच्या सोमवारी मयुराच्या टेबलावर मेमो आला. फाइल का अडवली, खुलासा करा. टाइप केलेल्या इतिवृत्तातली फाइल थांबवायची ओळ इंद्रजितसाहेबांनी मंजुरी देताना 'ज़रूरी नहीं' म्हणून आधीच खोडली होती.

मयुरा कँटीनच्या मागे बाईंसमोर डोळे पुसत उभी राहिली.

"मावशी, सर म्हणतात, मी असं बोललोच नाही. मेश्रामसरांनापण काही आठवत नाही. कन्फर्मेशन गेलं माझं, यार."

"मी निरोप दिला असं लिहिलंस ना खुलाशात?"

"नाही. तुमचं नाव नाही टाकलं." तिनं नाक ओढलं. "तुमच्या रिटायरमेंटला चारच महिने राहिलेत ना. उगाच तुमच्यावर आलं तर?"

 चोवीस वर्षांची पोर आपल्याला पाठीशी घालतेय आणि आपण बत्तीस वर्षं भिंतीला टेकून लोकांची मजा बघतोय, याची बाईंना मनापासून लाज वाटली.

"तुझ्या डोक्यावर खापर फोडतायत मेले," त्या पुटपुटल्या.

"खापर म्हणजे?"

"सांगेन नंतर. डोळे पूस."

टॅबलेट घरी आणून त्यांनी त्या मंगळवारचं पान काढलं आणि शशिकांतरावांना वाचून दाखवलं. इंद्रजितसाहेबांचं वाक्य शब्दन् शब्द होतं. पण त्याच्या अलीकडे एक शून्य होतं आणि पलीकडे एक शून्य होतं. अलीकडचं शून्य संचालकांवर होतं. शशिकांतराव ऐकून पोट धरून हसले, आणि मग एकदम हसायचे थांबले.

"प्रभा, मेश्राम मराठी आहेत."

"ठाऊक आहे मला!"

"गप्प बसलीस तर शाल-श्रीफळ. बोललीस तर चार महिने आधी नारळ."

"आणि मयुरा?"

शशिकांतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "शून्यं गाळून वाच," ते म्हणाले. "टाइप करताना गाळतेस तशी."

हे बरं होतं. बाईंना झोप लागली.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या विनंतीवरून सकाळी अकराला संचालकांच्या केबिनमध्ये सगळे जमले. मेश्रामसाहेब मधे बसले, इंद्रजितसाहेब मानेचा पट्टा लावून ताठ, आणि मयुरा दाराशी उभी. बाईंनी टॅबलेट पुढे ठेवला, घसा साफ केला आणि फक्त एक ओळ वाचली.

"'फ़ाइल मेरे पास रहने दो, शुक्रवार को मैं देख लूँगा.' श्री मल्होत्रा."

इंद्रजितसाहेब हसले. "सर, ये तो कुछ भी पढ़ सकती हैं. हम में से किसको शॉर्टहैंड आती है? किसी और से पढ़वाइए."

बाईंनी हा डाव हिशेबात धरलाच नव्हता. ऑफिसात दुसरी स्टेनो होती, गाझियाबादहून येणारी कौशल्या शर्मा. अत्यंत प्रामाणिक बाई. समोर जे असेल ते सगळं वाचणार, एक रेघ सोडणार नाही. तिला बोलावणं गेलं तेव्हा चंद्रप्रभाबाईंनी मनातल्या मनात शाल घडी करून ठेवली आणि श्रीफळ परत केलं.

कौशल्यानं चष्मा लावला, पान पाहिलं आणि कौतुकानं म्हणाली, "दीदी, कितना साफ़ लिखा है! एक-एक मात्रा लगाई है." मग तिनं वरून सुरुवात केली. "यहाँ गोल निशान है. फिर लिखा है... मेश्रामसाहेब... डोले... डोले उघडे ठेवून झोपले आहेत." तिला ळ म्हणता येत नव्हता आणि अर्थही कळत नव्हता, पण ती एकेक अक्षर फोडून मोठ्यानं वाचत होती. "ही कला... नागपूरच्या... उन्हाल्यात शिकले असावेत."

 मयुरानं ओठ दाताखाली धरले. मेश्रामसाहेबांचे कान हळूहळू लाल झाले.

"ये कौन सी भाषा है?" इंद्रजितसाहेबांनी विचारलं.

"आगे पढ़िए," मेश्रामसाहेब म्हणाले.

"आगे हिंदी है, सर. 'फ़ाइल मेरे पास रहने दो, शुक्रवार को मैं देख लूँगा.' बिल्कुल यही लिखा है. फिर एक गोल निशान. शुक्रवारी हे... शिमल्याला असतील. आणि नंतर म्हणतील... मी असं बोललोच नाही. खापर... मयुराच्या डोक्यावर फुटणार." कौशल्यानं मान वर केली. "बस, सर. इतना ही है."

"ये सब क्या है?" इंद्रजितसाहेबांचा आवाज चढला होता. शिमला आणि मयुरा एवढे दोन शब्द त्यांना नीट कळले होते. "ये बाद में जोड़ा गया है! मेमो के बाद!"

मेश्रामसाहेबांनी टॅबलेट स्वतःकडे ओढला आणि पहिल्या शून्याच्या ओळीवर बोट ठेवलं. मंगळवार, तीन वाजून चाळीस मिनिटं. मग मधल्या ओळीवर. तीन बेचाळीस. मग शेवटच्या शून्यावर. तेही तीन बेचाळीस.

"मल्होत्राजी," ते शांतपणे म्हणाले, "ये पेन आप ही लाए थे न?"

इंद्रजितसाहेबांनी मानेचा पट्टा सैल केला. 

"मयुरा, मेमो वापस," मेश्रामसाहेब म्हणाले. "और मल्होत्राजी, उत्तर देर से क्यों गया, इसका खुलासा अब आप लिखिए. माझ्या 'आठवत नाही' म्हणण्याचं कारण काय, ते तर दिघेबाईंनी लिहूनच ठेवलंय." शेवटचं वाक्य मराठीत होतं आणि ते फक्त बाईंना आणि मयुराला कळलं.

सगळे उठले. मयुरा दारातून वळून बाईंकडे बघत गेली, डोळे पुन्हा भरले होते, पण या वेळी ती हसत होती. चंद्रप्रभाबाईही पदर सावरून निघाल्या. चार महिने गेले तर गेले, पोरीचं काम झालं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

"दिघेबाई, तुम्ही थांबा."

त्या थांबल्या. मान खाली, बत्तीस वर्षांच्या सवयीनं.

मेश्रामसाहेबांनी बराच वेळ टॅबलेटवरची मागची पानं चाळली. वाचता त्यांना काहीच येत नव्हतं, पण समासातली शून्यं दिसत होती. ते मोजत होते.

"फार आहेत हो," ते म्हणाले.

"हो, साहेब."

"माझ्यावर किती?"

बाईंनी खोटं बोलायचा विचार केला आणि सोडून दिला. "अकरा, साहेब."

"हं." साहेबांनी टॅबलेट परत दिला आणि चेहरा अगदी सरकारी केला. "एक चूक आहे. डोळे उघडे ठेवून झोपायची कला नागपूरची नाही. मी भंडाऱ्याचा आहे. दुरुस्ती करून घ्या."

"घेते, साहेब."

"आत्ता. माझ्यासमोर."

बाईंनी ते जाड पेन काढलं, ठिपक्यांची वही उघडली आणि उभ्या उभ्याच लिहिलं, 'नागपूरऐवजी भंडारा वाचावे.' वेळ उमटली, अकरा वाजून सव्वीस मिनिटं. मग त्यांचा हात आपोआप समासाकडे गेला. त्यांनी एक छोटं शून्य काढलं आणि त्यापुढे, काना-मात्रेसकट, लिहिलं: 'साहेब जागे आहेत.'