मॅडमचं भिंग

भिंगांचा धडा धरणगावच्या शाळेत मी इतकी वर्षं शिकवलाय की किरणांची आकृती डोळे मिटून काढीन. गेल्या वर्षी दहावी 'ब' नव्या मॅडमकडे गेली आणि माझी मुलगी नेमकी त्याच तुकडीत. तोवर तिची प्रत्येक शंका माझ्याकडे यायची, जेवताना, अंथरूण घालताना, कधीही. आता ताटावर बसली की मॅडमपुराण सुरू. मॅडमनी म्हणे वर्गात अंधार केला, एकच खिडकी उघडी ठेवली, भिंग धरलं आणि समोरचा कडुनिंब भिंतीवर उलटा उतरवला. पोरं बाकांवर उभी राहिली. माझ्या तासाला पोरं फार तर जांभईसाठी तोंड उघडतात. त्या बाईचं नाव निघालं की मी ताटावरून उठायचो. मत्सर, दुसरं काही नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी आमच्या खिडक्या बंदच असतात. एका रविवारी मी एक फळी उघडली, मुलीला बोलावलं, म्हटलं, त्यात काय मोठं! डोळ्यावरचा चष्मा काढून भिंतीसमोर धरला. पुढे नेला, मागे आणला. भिंतीवर काहीच उमटेना. मुलगी हसू दाबत होती.

शेवटी बायको स्वतःचा चष्मा पुढे करत अहिराणीत म्हणाली, "तुमना चष्मा दूरना शे. हाऊ मना ल्या, जवळना शे."

माझा चष्मा उणे नंबरचा, म्हणजे अंतर्गोल. तो किरण पांगवतो, गोळा करत नाही; पडद्यावर चित्र येणारच कसं? हे दरवर्षी मीच फळ्यावर लिहितो. जळफळाटात स्वतःचाच धडा विसरलो.

बायकोच्या वाचायच्या चष्म्यानं मात्र रस्ता भिंतीवर आला. केळीचा एक ट्रक चाकं वर करून उलट्या दिशेनं निघून गेला. मुलगी पुढे झाली आणि तिनं बोटांनी अर्धी काच झाकली.

"बघा पप्पा, चित्र पूर्णच राहतं. नुसतं फिकं पडतं. मॅडमनी दाखवलं."

उन्हाळ्याच्या सुट्टीतच हे मी तिला सांगितलं होतं, आकृतीही काढून दिली होती. तसं मी बोलूनही दाखवलं.

"हो, सांगितलं होतं तुम्ही," ती भिंतीवरची नजर न काढता म्हणाली. "पण तेव्हा कळलं नव्हतं."

मी चष्मा तसाच धरून उभा राहिलो. हात हलला असता तर चित्र गेलं असतं, आणि तिला ते अजून बघायचं होतं.