पिवळ्या लोकरीची गाठ

कारखान्यात तिला सगळे इस्त्रीबाई म्हणायचे. हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण ठेवणाऱ्याला नजर होती. तिथे पवनचक्कीची पाती बनत. एकेक पातं एवढं लांब, की या टोकाच्या माणसाने हाक मारली तर त्या टोकाचा 'ओ' देईपर्यंत हातातला चहा निवायचा. साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड एकावर एक अंथरायचं, वर प्लास्टिक ताणून आतली हवा ओढून घ्यायची, मग रेझिन, म्हणजे पातळ चिकट रसायन, सोडायचं. ते वाळलं की दगड! कापड अंथरायचं काम इस्त्रीबाईचं. तिचा तळवा फिरला की चुणी शोधूनही सापडायची नाही. अकरा वर्षांत एकदाही सापडली नव्हती.

आता चुणीत एवढं काय, असं वाटेल कुणाला. चादरीची चुणी झटकली की गेली, पण ही रेझिनमध्ये जन्माची अडकते. काचेचे धागे सरळ असतात तोवर वाऱ्याची सगळी ओढ सोसतात. वाकले की तेवढ्या जागी पातं कच्चं. मग फिरता फिरता तिथेच बारीक तडा जातो, थर सुटायला लागतात, आणि एखाद्या वादळात अख्खं पातं मोडून खाली. म्हणून तर एवढी तपासणी असायची.

इस्त्रीबाईत खोट एकच, ती म्हणजे कंजूषपणा. साच्यात बूट चालत नाहीत, मोज्यांवरच वावरावं लागतं. कंपनी दर महिन्याला मोज्यांचा नवा जोड द्यायची. भोक पडलं की फेका, असा नियम. फेका? तिच्या अगदी जिवावर यायचं! नातवाच्या स्वेटरची पिवळी लोकर उरली होती, तिने ती भोकं रफू करायची आणि नवे जोड कपाटात रचायची.

"अहो, अडीअडचणीला असू द्यावेत," ती नवऱ्याला सांगायची.

नवरा आयुष्यभर बस चालवून नुकता घरी बसलेला. तो म्हणायचा, "मोज्यांची कसली आलीये अडचण? आपल्याला काय चाळीस पाय फुटणार आहेत?"

दोन महिन्यांपूर्वी तिच्या हाताखाली एक बाई आली होती. तिला सगळे नवी म्हणत. चाळिशीची, अबोल, शाळेत जाणाऱ्या दोन मुली, आणि घरात कमावणारी ही एकटीच. तीन महिने नीट गेले तर कायम, नाहीतर नारळ. इस्त्रीबाईनेच तिला शिकवलं होतं, आणि पोरीचा हात बरा आहे असं ती चारचौघांत सांगायचीही.

पाती तपासणाऱ्या माणसाला डॉक्टर म्हणत, कारण तो जेल लावून पात्याच्या पोटावरून आवाजाचं यंत्र फिरवायचा. त्या मंगळवारी बाराव्या मीटरवर त्याचा हात थांबला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मग त्याने लाल खडूने गोल काढला.

"आत चुणी आहे. चांगली वीतभर."

सुपरवायझरने रजिस्टर उघडलं. बारावा मीटर, अंथरणारी: नवी.

"शनिवारपर्यंत काम करा," सुपरवायझर तिला म्हणाला. "पुढचं मग बघू." त्या 'बघू'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

"मी नीट अंथरलं होतं," नवी म्हणाली. एवढंच.

"होतं गं असं," इस्त्रीबाई समजुतीने म्हणाली. "तळवा हलका ठेव म्हणून मी शंभरदा सांगितलं होतं ना?"

घरी येऊन तिने आठवड्याचे मोजे धुवायला काढले, तर एका जोडाच्या डाव्या अंगठ्यावरचं रफू उसवलेलं. पिवळ्या लोकरीची गाठच गायब. पातं अंथरलं तो दिवस तिला आठवला. नवी पाणी प्यायला गेली होती तेव्हा बाराव्या मीटरवर कोण उभं होतं? हीच. कापड ठीक बसलंय ना, एवढं बघायला. पाय कशात तरी अडकला होता आणि हिने झटका देऊन सोडवला होता. पुढचा थर येतच होता, खाली वाकून बघायचंही सुचलं नव्हतं. आणि वर तिलाच शहाणपण शिकवून आली होती!

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," तो हळूच म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"आणि तिच्या पोरींनी काय ती मूठ चाटायची का हो?" ती एवढी कडाडली, की तो उठून पाणी आणायला गेला.

बुधवारी सकाळी ती सरळ सुपरवायझरपुढे उभी राहिली. "साहेब, ती चुणी माझी."

तो हसला. "ताई, तुमच्या हातून? सूर्य पश्चिमेला उगवेल!"

"हातून नाही हो, पायातून!" तिने मोजा दाखवला.

"मोजा काय, कुठेही उसवतो. तिला वाचवायला बघताय तुम्ही. मोठं मन आहे तुमचं."

दुपारपर्यंत कारखानाभर बातमी झाली. येणारा-जाणारा म्हणू लागला, वा, माणूस असावं तर असं! ती जितकं 'माझीच चूक' म्हणे, तितकी तिची थोरवी वाढे. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथे वर चोराला हारही घालत होते. इस्त्रीबाईला रडू यायचं बाकी राहिलं.

गुरुवारी त्या जागेची दुरुस्ती होती. तिने हट्टच धरला. "एकदम घासायचं नाही. एकेक थर, माझ्यासमोर. आणि साहेबांनाही बोलवा."

ग्राइंडर सुरू झाला. पांढरी भुकटी उडाली. पहिला थर सरळ. दुसरा सरळ. पाचव्यापर्यंत काहीच नाही, आणि सुपरवायझर घड्याळ बघायला लागला. सहाव्यात धागे पाण्यावरच्या लाटेसारखे वाकलेले दिसले, आणि त्यांच्यात, रेझिनमध्ये गोठलेली, वाटाण्याएवढी पिवळी गाठ.

"थांबवा!" तिने मोजा शेजारी धरला. "जुळतंय का बघा."

सुपरवायझर वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. मग त्याने रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. तिने नवीचं नाव खोडलं आणि तिथे आपलं लिहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. लाज वाटली, खूप वाटली. अक्षर वाकडं आलं. मोज्यांचा तो जोड तिने कचऱ्याच्या डब्यात टाकला.

सुटीच्या वेळी नळावर नवी शेजारी हात धूत होती.

"माफ कर गं मला," इस्त्रीबाई म्हणाली.

"मला माहीत होतं, ताई. पाणी पिऊन येत होते, तेव्हाच दिसलं. तुमचा पाय अडकला, तुम्ही झटका दिलात."

"अगं मग तोंडात काय मूग भरले होते? तीन दिवस गप्प बसलीस!"

नवीने नळ बंद केला.

"कुणाला सांगणार होते, ताई? तुम्ही स्वतः सांगितलंत, तर तुमच्यावरसुद्धा कुणी विश्वास ठेवला नाही."