काकूंचा वेग

टोकियोतल्या आमच्या निशी-कसाईच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काकू मुलाकडे राहतात. दर रविवारी आम्ही सात-आठ आयटीवाले इचिकावाच्या नासपतीच्या बागांकडे सायकली घेऊन जातो, तेव्हा त्याही येतात. त्यांची सायकल भाजी आणायची, पुढे टोपली असलेली. चढ आला की त्या उतरून चालतात, आणि प्रत्येक बागवाल्याला वाकून नमस्कार करतात. माझी सायकल मात्र शर्यतीची आहे. बूट पेडलमध्ये अडकतात, त्यामुळे सिग्नलला मी दोनदा उभ्याउभ्या आडवा झालोय.

काकूंमुळे वेग कमी होतो, असं ग्रुपचं ठरलं. त्यांना सांगायचं काम शेजारी म्हणून माझ्या गळ्यात आलं.

"काकू, पुढच्या रविवारी जरा विश्रांती घ्या ना."

"का? मी कुठे दमलेय?"

"तसं नाही, ग्रुपचा वेग..."

"मी मागे पडते, असं सरळ सांग की!"

मी मान डोलावली. काकू "बरं" म्हणाल्या. आपण किती नाजूकपणे सांगितलं, यावर मी आठवडाभर खूश होतो.

रविवारी बागांपाशी पोचलो, तर समोरच्या चढावर काकू सायकल ढकलत चाललेल्या. पहाटेच निघाल्या होत्या.

"काकू, तुम्ही?" आमचा म्होरक्या ओरडला.

"रस्ता तुमच्या ग्रुपचा आहे का रे?" त्या मागे न बघताच म्हणाल्या.

सगळे पुढे गेले. चेन पडल्याचं सांगून मी थांबलो. काकूंनी माझी धडधाकट चेन नीट पाहिली.

"राहायचं तर राहा. पण माझ्यापुढे जायचं नाही."