कोपरापर्यंतचं मत

आमच्या सौभाग्यवतींच्या मामांइतका सावध मतदार कडेगाव तालुक्यातच काय, अख्ख्या सांगली जिल्ह्यात झाला नसेल. मामा कुठल्याच पक्षाचे नाहीत. ज्यानं शेवटी घाबरवलं त्याचे. सकाळी एकानं "जमिनी जातील" म्हटलं की मामा त्याचे, दुपारी दुसऱ्यानं "पाणी जाईल" म्हटलं की त्याचे. त्यामुळे त्यांच्या घरी सगळ्यांत शेवटी पोचायची उमेदवारांची धडपड चालते आणि मतदानाच्या आदल्या दिवशी मामींचं चहाचं आधण काही उतरत नाही.

सरकारनं गावासाठी काही करायचं म्हटलं की मामा आधी धसका घेतात. रस्त्यावर दिवे लागले तेव्हा म्हणाले, "उजेड नगं रं बाबा. अंधारात साप असतोय, पर दिसत तर न्हाई!" पाण्याची टाकी उभी राहिली, तर ती अंगावर पडेल म्हणून देवळाला लांबच्या वाटेनं जाऊ लागले. पाणी मात्र तिचंच पितात, वर लय गोड हाय म्हणून पाहुण्यांनाही आग्रहानं पाजतात. ग्रामसभेत मत द्यायची वेळ आली की मामांचा हात कोपरापर्यंत उचलला जाई आणि टोपीपाशी थांबे. पुढं काही अंगलट आलंच, तर "मी डोकं खाजवत हुतो" म्हणायला मोकळे.

मनापासून पाठिंबा होता तो एकाच खर्चाला, गावाच्या कमानीला. शेजारच्या गावानं फाट्यावर कमान बांधली आणि मामांची झोप उडाली. "पोरगी बघाय आल्याली पाव्हणी कमान बघून तिकडंच वळायची," ते मला काकुळतीनं सांगत, "आन तितलंच पोहं खाऊन, तितलीच पोरगी पसंत करून जायची!"

अखेर पंचायतीकडं निधी आला, पण एकाच कामापुरता. कमान बांधायची की अंगणवाडीला खोली, हे ग्रामसभेत ठरायचं होतं. अंगणवाडी देवळाच्या ओवरीत भरायची आणि ग्रामसभाही तिथंच. मी माधवनगरहून सहज भेटायला गेलो होतो, तर मामांनी सोबतीला म्हणून मलाही ओढून नेलं. बरोबर त्यांची अंगणवाडीत जाणारी नात, परी. मामा बूड टेकतात न टेकतात तोच तिनं त्यांचा सदरा ओढला.

"आबा, हितं नगं बसू. वरनं खडं पडत्यात."

मामांनी जवळजवळ उडीच मारली आणि ते खांबाच्या आडोशाला सरकले. जरा दम खाऊन त्यांनी विचारलं, "मग तू कुठं बसतीस गं?"

"तितंच की. माजी जागा हाय ती."

मामा कितीतरी वेळ वर बघत राहिले. सरपंचबाईंनी कमानीसाठी हात मागितले, तेव्हा मामांचा हात जागचा हलला नाही. खोलीसाठी मागितले, तेव्हा तो टोपी ओलांडून सरळ वर गेला आणि मागोमाग दुसराही.

"आवं मामा, मत एकच असतंय," सरपंचबाई म्हणाल्या.

"एक माजं, एक हिचं. कसं धरायचं ते तुमी बघा."

लोक हसले, आणि हसता हसता बाकीचेही हात वर आले. खोली मंजूर झाली.

परतताना मी चिडवलं, "मामा, आज भ्याला नाहीत?"

"भ्यालो की. पर रोज माज्यासाठी भ्या वाटायचं, आज हिच्यासाठी वाटलं."

ते इतकं साधेपणानं म्हणाले की मी चिडवणं सोडून परीचा हात धरला.

आता खोली उभी आहे. मामा अधूनमधून काठीनं तिच्या भिंती ठोकून बघतात. कमान अजून नाही. म्हणून आम्ही येणार असं कळलं की मामा स्वतः फाट्यावर येऊन दोन्ही हात वर करून उभे राहू लागले, न जाणो आम्ही शेजारच्या गावात वळलो तर! हल्ली एक हात काठीवर असतो आणि दुसरा वर. मला तो रस्ता डोळे मिटून सापडेल. तरी मी गाडी हळू करतो, काच खाली घेतो आणि नवख्या पाहुण्यासारखा विचारतो, "आजोबा, हेच का हो ते गाव?"

"व्हय," मामा हात तसाच वर धरून म्हणतात, "हेच. या."