पहिल्या पानावरून उतरलेली बातमी

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला तातेरावांचं जळालेल्या पाण्याच्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं दुकान आहे. पंधरा वर्षं नौदलात, जहाजाच्या इंजिनखोलीत काढून ते गावी परतले. आता लेक आकांक्षाही जहाजावर होती.

त्या आठवड्यात टीव्हीवाले रोज लढाईची नवी तारीख सांगत होते. गिऱ्हाइकं विचारायची, "काका, लागती का हो लढाई?" तातेराव म्हणायचे, "ज्याला ठाऊक हाय तो टीव्हीवर बोलत न्हाई."

एका सकाळी बुद्धभूषण आला. त्यांच्याच गल्लीतला, जालन्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर. चहा झाला, आकांक्षाचा फोटो घेतला आणि लेकीच्या कौतुकात तातेराव सगळंच बोलून बसले. जहाजाचं नाव, बंदर, निघाल्याचा दिवससुद्धा.

तो गेल्यावर तांब्याची तार गुंडाळताना त्यांचा हात थबकला. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी असाच तणाव होता. पेपरांनी लढाई ठरवूनच टाकली होती. तेव्हा कप्तानसाहेब स्वतः इंजिनखोलीत उतरले होते. "लढाई होईल की नाही, मलाही माहीत नाही. कळलं की आधी तुम्हाला सांगेन. घरी खुशाली कळवा, ठिकाण कळवू नका. या जहाजावर दोनशे जण आहेत." एवढं बोलून घामानं निथळणाऱ्या एकेकाच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला होता. त्या आधारावर तातेरावांनी ते दिवस काढले होते. आणि आज स्वतःच्याच तोंडानं हे!

त्यांनी घाईनं फोन लावला. "बातमी धाडली का रे?"

"धाडली की काका. पहिल्या पानावर घेऊन राह्यलेत."

"मंग जल्दी थांबव. मी नको ते बोलून गेल्तो. जहाज, बंदर, तारीख, काहीच छापू नको. चूक माही हाय, तुही न्हाई."

पलीकडून बुद्धभूषण म्हणाला, "काका, त्याच्यामुळंच तर पहिलं पान भेटलं व्हतं."

"माह्या एकट्या लेकीचा सवाल न्हाई, बाबा."

"बराबर हाय. करतो फोन."

दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर, खाली कोपऱ्यात चार ओळी आल्या: वडीगोद्रीची लेक नौदलात. बाकी काहीच नाही. तातेराव पेपर घेऊन बुद्धभूषणच्या दारात गेले. आभार मानायचे होते. त्यांनी नुसते त्याचे दोन्ही हात धरले.

लढाई काही झाली नाही. टीव्हीवाले दुसऱ्या विषयाकडं वळले. तीन आठवड्यांनी आकांक्षाचा फोन आला. "पप्पा, मी बरी हाय."

"जेवलीस का?" एवढंच त्यांनी विचारलं. कुठं आहेस, हे विचारलं नाही. मग म्हणाले, "फोन ठेवू नको. बुद्धभूषणदादाशी दोन शब्द बोल." आणि फोन कानाला धरूनच ते त्याच्या घराकडं निघाले.