खुन्याची पावलं

आमच्या थोरल्या वहिनींनी आजवर किती पुरुषांच्या बुटांत पाय घातले असतील याची गणती नाही. हे वाक्य कुणी असं सुटं बाहेर नेऊन सांगितलं तर वहिनी माझी जीभ हासडतील, म्हणून लगेच खुलासा करते. आमचा धंदा पावलांचा आहे. पडद्यावर नट चालताना दिसतो, पण त्याच्या पावलांचा आवाज बहुतेक वेळा त्याचा नसतो. चित्रीकरणात माइक संवादांच्या मागे असतो, पायांकडे कोण बघतो? मग तयार झालेला चित्रपट आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत येतो. तिथं जमिनीत मोठे चौकोन केले आहेत, कुठं फरशी, कुठं लाकडी फळ्या, कुठं खडी. वहिनी पडद्याकडे बघत त्या चौकोनांत नटाच्या पावलाला पाऊल जुळवून चालतात आणि मी काचेच्या पलीकडे यंत्रापाशी बसून ते टिपते. मी त्यांची नणंद. लग्न केलं नाही, माहेरीच राहिले, त्यामुळं खाली धंदा आणि वर घर, दोन्हीकडचं ऐकायला मी कायमची हजर.

वहिनी सून म्हणून आल्या तेव्हा हे काम आमचे बाबा करायचे. एकदा बाबांचा गुडघा ऐन वेळी धरला. चहा द्यायला खाली आलेल्या वहिनींनी कप बाजूला ठेवला, बाबांच्या बुटांत चिंध्यांचे बोळे कोंबून ते पायात घातले आणि पडद्यावरच्या जाड्या पोलिसाला अख्खा जिना चढवून आणला. बाबा बघतच राहिले. तेव्हापासून पुरुषांची पावलं वहिनींची झाली. सैनिक, डॉक्टर, दारुडे, म्हातारे, शिवाय घोडे. त्यांचे कान असे तयार झाले की वर बसल्या बसल्या जिन्यावर कोण येतंय ते सांगायच्या, आणि नको असलेला पाहुणा असला तर चहाचं आधण खाली उतरवून गॅस बंद करायच्या.

पुढं माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं आणि धाकटी आली. अंगानं एवढीशी, बोलणं त्याहून कमी. ती आधी नुसती बघत बसायची, मग एक दिवस बायकांची पावलं करू लागली आणि ती इतकी छान करू लागली की लोक नाव घेऊ लागले. जावाजावा उभा दावा म्हणतात. आमच्याकडे दावा टाळायला बाबांनी वाटणीच करून दिली होती, बायका, मुलं, मांजरं धाकटीची, पुरुष आणि घोडे वहिनींचे. तरी वहिनी तिला पाण्यात पाहायच्याच. कुणी म्हणालं, धाकट्या बाईंनी मांजर काय सुरेख चालवलंय, की या लगेच म्हणायच्या, "मांजरासारखं चालायला काय लागतं? मांजर कुठं शिकायला जातं?" मला विचाराल तर दोघींचाही हेवा वाटायचा. पावलांचं कौतुक करणारे पुष्कळ भेटले. ती टिपणाऱ्या कानांना कुणी एक नारिंगी गोळीसुद्धा दिली नाही.

अशात तो चित्रपट आला. दिग्दर्शक घरातसुद्धा काळा चष्मा लावायचा, म्हणून आम्ही त्याला गॉगल म्हणायचो. तो म्हणाला, हा निओ-न्वार थ्रिलर आहे. म्हणजे काय ते त्यानं बराच वेळ समजावलं. मला कळलं ते एवढंच की रस्ते कायम ओले असतात, माणसांचे अर्धे चेहरे अंधारात असतात आणि कुणीही धड चांगला नसतो. थोरल्या दादानं पहिली दहा मिनिटं बघून विचारलं, "विजेचं बिल वाचवलंय का हो?" गॉगल हसला नाही.

पण गोष्ट भारी होती. भाड्याच्या खोलीत राहणारी एक टायपिस्ट, आणि तिच्या दाराबाहेर कुणीतरी येऊन थांबतं. शेवटपर्यंत खुनी दिसत नाही, दिसतो तो फक्त बुटाचा शेंडा नाहीतर भिंतीवरची सावली. प्रेक्षकानं त्याला ओळखायचं ते पावलांवरून. "माझा मुख्य नट म्हणजे ही पावलं," गॉगल म्हणाला. "श्रेयनामावलीत वेगळी ओळ देणार आहे. खुन्याची पावलं, आणि पुढं नाव."

वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतकी वर्षं नट-नट्यांना चालवलं, पण पडद्यावर नाव यायचं ते आमच्या स्टुडिओचं, तेही लोक खुर्च्या सोडून दाराकडे निघाल्यावर. आता स्वतःचं नाव येणार. खुनी पुरुष होता, म्हणजे वाटणीनं त्यांचाच. त्यांनी त्याच संध्याकाळी कपाटातून चामड्याचे बूट काढून पुसायला घेतले.

इथंच माशी शिंकली. गॉगल म्हणाला, मला दोघींची पावलं ऐकायची आहेत. मी काचेकडे पाठ करून बसतो, नावं सांगू नका. आणि ऐकण्याआधी त्यानं दोघींना बजावलं, "हा चोर नाही. हा लपतछपत येत नाही. घर आपलंच आहे असं वाटणाऱ्या माणसाची पावलं हवीत मला. तो नुसता बघायला येतो, ही काय करतेय."

वहिनी आधी चालल्या. काय चालल्या! दबकत, टाच न टेकवता, मधेच श्वास रोखून. माझ्या डोळ्यांपुढं सुरा आला. मग धाकटीनं तेच बूट घातले, तिच्या पायांत ते होड्यांसारखे दिसत होते. ती सावकाश चालत आली. टाच जड, पंजा हलका, कसली घाई नाही, कसली लपवाछपवी नाही. दाराशी आल्यावर थांबली, आणि थांबल्यावर एक पाऊल किंचित घासून जागेवर बसवलं. बास. एवढंच. गॉगलनं चष्मा काढला, तेव्हा कळलं की त्याला डोळे आहेत.

"हा," तो म्हणाला. "हाच तो."

वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला. नाव गेलं, वाटणीही मोडली. वर जाताना मला म्हणाल्या, "वन्सं, तुम्हीच सांगा, वजन आहे का तिला? कपड्यांसकट भिजवली तरी पुरुषाचं वजन भरायचं नाही." मग म्हणाल्या, तिनं कुठून तरी चोरली असणार चाल. धाकटीला त्यांनी समोर उभं करून विचारलं, "कुणाची गं ही चाल?" धाकटी म्हणाली, "अशीच सुचली, ताई." एवढं सोडून तिनं दुसरं काही सांगितलं नाही, आणि त्या न सांगण्यानं वहिनींच्या जळण्यात आणखी तेल पडलं.

पुढचे दिवस घरात सगळ्यांनीच जपून काढले. धाकटीनं भाजी केली की वहिनींना ती खारट लागायची, आणि त्यांनी स्वतः केलेल्या खारट भाजीला आम्ही छान म्हणायचं. धाकटी काय करतेय, कुणाशी फोनवर बोलतेय, हे बघायला त्यांच्या स्वयंपाकघरात फेऱ्या वाढल्या. आणि दुपारी धाकटी बाजारात गेली की त्या खाली येऊन म्हणायच्या, "लावा ते."

मी धाकटीची पावलं लावायची. वहिनी कानांवर हेडफोन लावून ती पुन्हा पुन्हा ऐकायच्या, मग बूट चढवून तशी चालायला बघायच्या. त्यांना सिद्ध करायचं होतं की हे काम त्या अधिक चांगलं करतात, आणि गॉगलला परत ऐकायला बोलवायचं होतं. पण जमेना. टाच जड पडली तर पंजाही जड पडायचा. घासणं आलं तर ते लंगड्यासारखं यायचं. ज्या बाईनं उंटसुद्धा चालवून दाखवला होता तिला हा एक माणूस सापडत नव्हता. कधी फळ्या ढिल्या झाल्यात म्हणाल्या, कधी बूट चावतो म्हणाल्या. मी आपलं सहज म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. दोन वेळचं जेवण त्यांनी मला न बोलता वाढलं.

त्याच आठवड्यातली दुपार. मी वर माझ्या खोलीत पडले होते, दार लोटलेलं. बाहेरच्या बोळातून पावलं आली. टाच जड, पंजा हलका. सावकाश. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली, आणि थांबल्यावर एक पाऊल किंचित घासून जागेवर बसलं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. खुनी चित्रपटातून निघून आमच्या घरात शिरलाय असंच वाटलं. मी फटीतून बघितलं. वहिनी उभ्या होत्या. अनवाणी, ओले हात पदराला पुसत, नुसत्या आत बघत. आत धाकटीनं घाईघाईनं फोन खाली ठेवला आणि आधीच लखलखीत असलेला ओटा पुसायला लागली.

मी कपाळावर हात मारून घेतला. या घरात मी जन्मापासून राहते, दिवसभर आवाज ऐकणं हेच माझं काम, आणि मला ओळखू आली नाही! रोजचं कानावर पडणारं कोण ऐकतो? आणि वहिनींचं तर विचारूच नका. जगातल्या सगळ्यांच्या चालीनं त्या यंत्रासमोर चालल्या होत्या, फक्त स्वतःच्या चालीनं कधी नाही. जिच्यावर जळून त्यांची झोप उडाली होती ती चाल त्यांची स्वतःचीच होती, आणि नक्कल करायला गेलं की त्यांच्याच पायांना ती येत नव्हती. मी कुणालाच काही बोलले नाही. एकीला सांगितलं तर दुसरी मेली असती आणि दोघींच्या शिव्या मला बसल्या असत्या.

तोंड उघडावं लागलं ते धाकटीच्या पायामुळं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिचा घोटा मुरगळला आणि पायाला प्लास्टर बसलं. वहिनींनी तिला बर्फानं शेकलं, औषध दिलं, उशी दिली, आणि तोंडावर जी काळजी होती तिच्याआडून आनंद नुसता उतू जात होता. कारण गॉगलनं शेवटचा प्रसंग नव्यानं जोडला होता. बोळ लांबला होता, पावलं वाढली होती. खुनी शेवटचा दारापर्यंत येतो आणि दार उघडतं, तोच प्रसंग नव्यानं करायचा होता. चित्रपट लावायची तारीख ठरलेली. "मी करते," वहिनी म्हणाल्या. "शेवटचा प्रसंग ज्याचा, खुनी त्याचा. नाव माझं लागेल." गॉगल म्हणाला, जुळलं तर लावतो.

वहिनी बूट घालून फळ्यांवर उभ्या राहिल्या. काचेच्या या बाजूला मी, गॉगल, आणि खुर्चीवर प्लास्टरचा पाय ठेवून धाकटी. पहिला प्रयत्न गेला. दुसरा गेला. मग मी मोजणं सोडलं. गॉगल दर वेळी नम्रपणे नाही म्हणायचा, आणि त्याच्या नम्रपणानं वहिनींच्या कपाळावरची शीर अधिकच उडायची. शेवटी तो म्हणाला, "मला वाटतं सोडून देऊ. जुनीच पावलं कशीतरी ताणून बसवतो."

वहिनी पडद्यासमोर उभ्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तिथं रडताना पाहिलं नव्हतं. आताही त्या रडल्या नाहीत, पण आणखी एक 'नाही' ऐकणं त्यांना अवघड झालं होतं. मला राहवलं नाही. मी पलीकडे बोलायचं बटण दाबलं.

"वहिनी," मी म्हटलं, "वर स्वयंपाकघरात ही काय करतेय ते बघायला जाता ना तुम्ही? तशा चाला."

धाकटीनं माझं मनगट घट्ट धरलं. पलीकडे वहिनींनी मान वर केली.

"तशा म्हणजे कशा?"

"जाता तशा. पडद्याकडे बघू नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग धाकटीकडे. धाकटीनं मान खाली घातली. मग वहिनी वळल्या आणि चालत आल्या. टाच जड, पंजा हलका. दाराशी थांबल्या. पाऊल घासलं, बसलं.

"ओके!" गॉगल ओरडला आणि टाळ्या वाजवायला लागला.

वहिनी बूट न काढताच आमच्या खोलीत आल्या. "लावा," म्हणाल्या. मी आधी धाकटीचं लावलं, मग त्यांचं. त्यांनी डोळे मिटून दोन्ही ऐकलं. फरक नव्हता. गॉगल आपल्याच खुशीत फोनवर कुणाला तरी सांगत बाहेर गेला.

"मी अशी येते?" त्यांनी धाकटीला विचारलं.

धाकटीनं मान डोलावली.

"सबंध जगात दुसरं कुणी मिळालं नाही तुला? खुनी म्हणून माझीच चाल सापडली?"

"खुनी म्हणून नाही, ताई," धाकटी म्हणाली. तिचा आवाज इतका लहान होता की माझ्या यंत्राची सुईसुद्धा हलली नसती. "ते म्हणाले, घर आपलंच आहे असं वाटणाऱ्या माणसाची पावलं हवीत. मला दुसऱ्या कुणाची माहीतच नव्हती."

"का? तू राहत नाहीस या घरात?"

"राहते," धाकटी म्हणाली.

वहिनी तिच्या समोरच्या स्टुलावर बसल्या. बुटाची नाडी सोडायला वाकल्या आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. ज्या पोरीनं आपलं सगळं हिरावलं म्हणून त्या जळत होत्या, तिच्याकडे इतक्या वर्षांत पाय मोकळे टाकायला चार फरश्यासुद्धा नव्हत्या, हे त्यांना तिथं कळलं. मलाही तिथंच कळलं, आणि मी त्याच घरातली नणंद आहे.

तेवढ्यात गॉगलनं दारातून डोकं आत घातलं. "मग श्रेयनामावलीत काय? खुन्याची पावलं, कुणाचं नाव घालू?"

"ताईंचं घाला," धाकटी पटकन म्हणाली.

वहिनींनी वर बघितलं नाही. सुटलेली नाडी हातात तशीच होती.

"घाला," त्या म्हणाल्या. "माझीच आहेत ती."